एकच फाईल पार झाली

कॉम्प्युटरच्या पाठीमागे वाकून बघितलंत, तर एका चौकोनी भोकात निळी वायर टक्कन बसलेली दिसते. ते भोक म्हणजे मी. म्हणजे होतो. सध्या माझा मुक्काम जुन्या चार्जरांच्या आणि गुंतलेल्या वायरींच्या ट्रेमध्ये आहे, आणि भंगारवाल्याला निरोप गेलाय असं कानावर आलंय. तो यायच्या आत सांगून मोकळा होतो.

मला नेटवर्क कार्ड म्हणतात. तळहाताएवढी हिरवी पट्टी, तिच्या कडेला सोनेरी दात, मधोमध एक काळी चिप आणि मागच्या अंगाला दोन बारीक दिवे. एका कॉम्प्युटरमधलं दुसऱ्या कॉम्प्युटरकडे पोचवायचं, एवढंच माझं काम. मी काही बनवत नाही, काही ठेवून घेत नाही. हमाल म्हणा हवं तर. फरक एवढाच की हमाल मनात आणलं तर पाऊल उचलून चालू शकतो. माझी चाल जन्मतानाच ठरते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे कुणीतरी हातमोजे घालून मला तपासलं आणि पाठीवर एक चिकटपट्टी लावली : शंभर. म्हणजे माझ्यातून जाणाऱ्या रस्त्याची रुंदी शंभर. तेव्हा ती फार मोठी वाटायची. आमच्या आधीची कार्डं दहाची होती. जहाजातून न्हावाशेव्याला उतरलो, ट्रकमधून पनवेल ओलांडून मुंबईला गेलो, आणि लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानातून पिशवीत बसून पुन्हा पनवेललाच आलो. नशिबात पनवेल होतं, पण मुंबईला वळसा घालून.

मला आणलं कमळाकर सरांनी. लाइन आळीत त्यांचा स्टुडिओ होता, ‘आभा फोटो अँड व्हिडिओ’. आभा त्यांची मुलगी. दोन हजार तीन साल असेल. स्टुडिओत दोन कॉम्प्युटर होते. एक खाली काउंटरच्या मागे, त्यात कॅमेऱ्याच्या टेप उतरवून घ्यायच्या. दुसरा वर लाकडी पोटमाळ्यावर, तिथे काटछाट, गाणी, नावं घालणं हे सगळं चालायचं. मी येण्यापूर्वी खालचं काम सीडीवर भरून शिडीने वर न्यायचे. शिडी चढणारी असायची भावना.

भावना विचुंबे गावची. शिकाऊ म्हणून आली आणि एडिटिंग करता करता स्टुडिओचा कणाच झाली. मला खालच्या मशीनमध्ये बसवलं, वायर वरपर्यंत ओढली आणि पहिले फोटो वर गेले, तेव्हा ती पोटमाळ्यावरून ओरडली होती, “सर, आले! सगळे आले! एक पाऊलसुद्धा न चढता आले!”

कमळाकर सरांनी खालून हात जोडले. कुणाला जोडले ते मला कळलं नाही, पण मलाच जोडले असं मी धरून चाललो.

ते दिवस सुखाचे होते. फोटो लहान असायचे, मी भराभर न्यायचो. पुढे कॅमेरे बदलले, फोटो फुगले. मग व्हिडिओचं काम वाढलं. एका लग्नाच्या चार-पाच टेप, प्रत्येक टेपची ही अवाढव्य फाईल. पडद्यावर एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये कागद उडताना दिसायचे. बघणाऱ्याला वाटायचं काम झपाट्याने चाललंय. कागद उडत राहायचे आणि हिरवी पट्टी मात्र जागची हलायची नाही.

माणसांची एक सवय मी जवळून बघितली. फाईल जात असताना ती पट्टीकडे टक लावून बसतात, जणू नजरेने ढकलणार आहेत. मग जांभई देतात. मग चहा सांगतात. भावना त्या वेळात डबा खायची, फोनवर आईशी बोलायची, नाहीतर आल्बमच्या पानांना ब्रशने झटकत बसायची. आणि रागावली की माझ्या मशीनच्या पत्र्यावर टिचकी मारायची. “चल ना रे.”

मी काय चालणार? माझ्यामागे डिस्क होती. ती माझ्या चौपट वेगाने माल काढून द्यायला तयार. माझ्यापुढची वायर न्यायला तयार. वरचा कॉम्प्युटर नवीन आलेला, तो घ्यायला तयार. मध्ये मी, अरुंद. फाटकाला कुणी कितीही हाका मारल्या तरी फाटक रुंद होत नाही.

एके दिवशी भावनाने सरांना समोर बसवूनच सांगितलं.

“सर, वरच्या मशीनला हजाराचं कार्ड आतच आहे. मधला स्विच, तो वायरी जोडायचा डबा, आपण गेल्या वर्षी बदलला, तोही हजाराचा. वायर हीच चालते. फक्त खालचं हे एक कार्ड शंभराचं आहे. त्यामुळे सगळं शंभरानेच चालतं.”

“पण चालतंय ना?”

“चालतंय. पण एका लग्नाला दोन तास नुसते कॉपीत जातात, ते अर्ध्या तासात होईल. आणि मुख्य म्हणजे, रोज घरी जाताना दिवसभराच्या कामाची एक प्रत वर टाकून ठेवता येईल. आत्ता शटर ओढायच्या वेळी कोण दोन तास थांबणार? म्हणून आपण प्रत ठेवतच नाही. सगळं त्या एका जुन्या डिस्कवर आहे, सर.”

भावना खरं बोलत होती. वेग म्हणजे नुसती घाई नव्हे. काम पटकन होणार असेल तर माणूस ते रोज करतो. रेंगाळणार असेल तर ‘उद्या’ म्हणतो. माझ्यामुळे त्या स्टुडिओत ‘उद्या’ फार बोललं जायचं.

कमळाकर सर समंजस माणूस. त्याच आठवड्यात ते हजाराचं कार्ड घेऊन आले. चकचकीत खोका, वर निळी अक्षरं. पण लग्नसराई तोंडावर आलेली. मशीन उघडायचं, जुनं काढायचं, नवीन बसवायचं, आणि ऐन सराईत काही बिनसलं तर?

“सिझन होऊ दे,” ते म्हणाले. “मग निवांत बसवू.”

आणि खोका माझ्या मशीनच्या वरच्याच फळीवर, कात्री आणि डिंकाच्या बाटलीशेजारी ठेवला गेला. कार्ड बसवायला किती वेळ लागतो म्हणता? एक स्क्रू, एक वायर. भावनाचा डबा संपेपर्यंत झालं असतं.

मला त्या नव्या कार्डाचा हेवा वाटला का? खरं सांगतो, नाही. मी थकलो होतो. कधी एकदा तो स्क्रू सुटतो असं झालं होतं. पण आपला स्क्रू आपल्याला सोडवता येत नाही.

मे महिन्यात करंजा गावच्या कोळीवाड्यातलं एक लग्न आलं. दादू तांडेलाच्या मुलीचं, विनिताचं. नवरा मुलगा पलीकडच्या, रेवसच्या बाजूचा. हळदीला आणि लग्नाला कमळाकर सर आणि भावना दोघंही गेले होते. परत आल्यावर भावनाच्या तोंडी दोन दिवस तेच. मासळीच्या लिलावाची जागा धुऊन तिथे मांडव कसा घातला होता, हळदीला बेंजो कसा घुमला, आणि मुलीची पाठवणी गाडीतून न करता दादूने स्वतःच्या होडीतून कशी केली. पताका लावलेली होडी, सुकाणूवर तो स्वतः.

“माणूस एरवी कॅमेऱ्यासमोर येईना हो,” ती सरांना म्हणत होती. “तोंड फिरवायचा. पण हळदीत त्याच्या बायकोने, त्या मावशींनी, ओढून आणला आणि असा नाचला!”

टेप खालच्या मशीनमध्ये उतरवल्या. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे त्याच टेपवर पुढचं लग्न घेतलं. करंज्याचं सगळं लग्न आता फक्त त्या जुन्या डिस्कवर होतं. वर न्यायचं होतं. “हे मोठं काम आहे, गणपतीच्या आधी करू,” असं ठरलं. सराई सरली, तरी फळीवरचा खोका तसाच राहिला.

ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमा होऊन गेली, होड्या समुद्रात गेल्या. त्यानंतरच्या एका दुपारी स्टुडिओच्या काचेच्या दारातून दोघी आत आल्या. पुढे एक पन्नाशीची बाई, कपाळ मोकळं. मागे एक तरुण मुलगी, हातात अजून लग्नाचा हिरवा चुडा.

कमळाकर सरांनी मुलीला ओळखलं. “अरे, या या! करंज्याचं लग्न ना? दादूशेठ नाही आले?”

बाईने पदर तोंडाला लावला. तेव्हा सरांचं लक्ष तिच्या कपाळाकडे गेलं आणि ते हळूच खुर्चीत बसले.

“गेलं ते,” मुलगी म्हणाली. तीच विनिता. “जालं ओढताना लाट आली. बोट आली परत, बाबा नाय आलं. अजून गावलं नाय.”

पोटमाळ्यावरून भावना खाली उतरली. तिने दोघींना स्टुलं दिली, पाणी दिलं. बाईचं नाव रंभा. ती भिंतीवरच्या फोटोंकडे बघत राहिली, मग म्हणाली, “फोटो हाय आमच्याकडं. तुमीच दिलेला, आल्बममदला. पन फोटो बोलत नाय ना. म्हनून आलू आमी.”

“बाबांचा आवाज कुटंच नाय,” विनिताने सांगितलं. “मोबाईलमदी पन नाय. ते फोनवर हां आनि नाय, दोनच बोलाचे. लग्नाच्या शूटिंगमदी असंल. तेवडं द्या. गानी नको, नावं नको. हाय तसं द्या.”

“आत्ता देतो,” सर म्हणाले. “भावना, दाखव त्यांना आधी.”

भावना माझ्या मशीनसमोर बसली. फोल्डर उघडलं. आणि माझ्या शेजारून तो आवाज आला. टक. टक. टक.

डिस्क जुनी होती. बरेच दिवस ती गरम व्हायची, कुरकुरायची. आज तिचा आवाज वेगळा होता. फोल्डर उघडायलाच भावनाला फार वेळ लागला. तिने लगेच हार्डवेअरवाल्या तुळशीरामला फोन लावला आणि फोन मशीनजवळ धरून त्याला तो टकटक आवाज ऐकवला.

फोनमधलं बोलणं मला ऐकू आलं. “मॅडम, मशीन बंद करू नका. एकदा बंद झाली तर ती डिस्क परत फिरंलच असं नाही. काय हवं ते आत्ताच बाहेर काढून घ्या. पेन ड्राइव्ह, बाहेरची डिस्क, काही पण.”

“यूएसबीची भोकं गेल्या वर्षी विजेत जळली, तुळशीराम. एकही चालत नाही.”

“मग नेटवर्कवरून. आणि जलदी.”

जलदी! मी तो शब्द ऐकला आणि माझे दोन दिवे जागच्या जागी थरथरले असतील.

कमळाकर सर उठले, फळीवरचा खोका त्यांनी हातात घेतला. “हे बसवू? आत्ता?”

“मशीन बंद करावं लागेल, सर,” भावना म्हणाली.

सर खोका तसाच हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी तो परत फळीवर ठेवला, अगदी सावकाश, काचेचा असल्यासारखा. मशीनचा बाजूचा पत्रा काढून त्यांनी टेबल फॅन आमच्यावर सोडला, डिस्क थंड राहावी म्हणून. त्या उघड्या बाजूने मला पहिल्यांदा त्या चौघांचे चेहरे नीट दिसले.

“किती टेप आहेत?” सरांनी विचारलं.

“चार. सगळ्या नेऊ म्हटलं तर तास दीड तास जाईल. डिस्क तेवढं थांबेल असं वाटत नाही.” भावनाने मागे वळून दोघींकडे बघितलं. तिला ते विचारणं किती जड गेलं ते तिच्या मानेवरून दिसत होतं. “मावशी, सगळं एकदम जाणार नाही. एक एक न्यावं लागेल. एकीत हळद आहे. त्यात दादूकाका तुमच्याबरोबर नाचलेत. एकीत पाठवणी आहे, होडीतली. त्यात ते विनिताशी बोलतायत. आधी कुठली नेऊ?”

विनिता आईच्या स्टुलाशी येऊन उभी राहिली.

“आयेची ने,” विनिता म्हणाली. “हळदीची. मी तर होडीवरच व्हती, मना सगलं ठाव हाय.”

“काय ठाव हाय तुला? रडत व्हतीस तू.” रंभा भावनाकडे वळली. “पोरीची घे गो बाय. होडीची. मी तेच्यासंगती सगला जलम काडला. तेचा खोकला पन मना ठाव हाय. हिचं लगीन झालं नि तीन मयन्यान बापूस गेला. हिची घे.”

“आये, तू कवा नाचलीव तेच्यासंगती? एकदाच ना? मग?”

“एकदा तर एकदा. घे बाय. येल नको लावू.”

भावनाने होडीची फाईल ओढून वरच्या फोल्डरवर सोडली. पडद्यावर कागद उडायला लागले.

मित्रांनो, त्या दुपारी मी जन्मात पळालो नव्हतो असा पळालो, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण तसं नसतं. मी नेहमीएवढाच पळालो. शंभर म्हणजे शंभर. मागून डिस्क जीव तोडून देत होती. माझ्या मागे ढीग साचत होता आणि मी त्यातली एक-एक मूठ पुढे नेत होतो. जाणारं काय होतं, ते मला दिसत नव्हतं. हमालाला पोत्यातलं दिसत नाही. त्यात पाणी होतं, पताका होत्या, एका माणसाचा आवाज होता, आणि माझ्यासाठी ते सगळं सारखंच ओझं होतं.

कुणी चहा सांगितला नाही. टेबल फॅन घरघरत होता. मधूनच डिस्क टक करायची, कागद हवेत थबकायचे. पुन्हा कागद उडायला लागायचे. विनिताने आईचा हात घट्ट धरला होता, बांगड्या रुतेपर्यंत. रंभा मात्र पडद्याकडे बघतच नव्हती. ती माझ्या दिव्याकडे बघत होती, जो लुकलुकत होता.

“यो दिवा चालू हाय तवर जातंय ना?” तिने विचारलं.

“हो, मावशी.”

ती तिथून नजर हलवेना. माझ्याकडे आजवर कुणी असं बघितलं नव्हतं. आणि माझ्यात तिला द्यायला काही नव्हतं.

हिरवी पट्टी शेवटाला टेकली. होडीची फाईल पार झाली. भावना थांबली नाही, तिने लगेच हळदीची फाईल ओढली.

हळद निघाली. पाव भाग. आणखी थोडी. रंभाने आता पदराची गाठ मुठीत धरली होती आणि ओठ हलत होते. एकवीरा आईचं नाव घेत असावी. निम्म्याच्या जवळ आलो होतो आम्ही. मागून डिस्कने एकदा मोठ्याने टक केलं. मग दोनदा. मग तिचं फिरणं मंद होत गेल्याचं मला जाणवलं, जत्रेतला पाळणा थांबतो तसं. मागून येणारा ढीग संपला. माझे हात रिकामे झाले. माझा दिवा विझला.

पडदा निळा पडला. मग भावनाने धीर करून मशीन बंद करून चालू केलं. एकदा, पुन्हा एकदा. डिस्क फिरली नाही. वर जी निम्मी फाईल पोचली होती, तीही निम्मी म्हणून राहिली नव्हती. काम अर्धवट सुटलं की कॉम्प्युटर आधी नेलेलंसुद्धा पुसून टाकतो.

“अर्ध्या तासात चारही गेल्या असत्या,” भावना हळू आवाजात म्हणाली. ते कुणाला उद्देशून नव्हतं. कमळाकर सरांनी फळीकडे बघितलं आणि मान खाली घातली. “मावशी, कार्ड मी आणून ठेवलं होतं. बसवायचं राहिलं. माझ्याकडून राहिलं.”

रंभाला त्यातलं कार्ड-बिर्ड कळलं नसेल. पण ‘राहिलं’ हा शब्द तिला कळला. “ऱ्हातं,” एवढंच ती म्हणाली.

मग सगळे वर गेले, जे पोचलं होतं ते बघायला. मी खाली उघड्या मशीनमध्ये. मला दिसत नव्हतं. लाकडी शिडीवरून आवाज खाली येत होता. आधी वारा, इंजिनाची धकधक, बायकांचा गलका. मग एका माणसाचा खणखणीत आवाज, धक्क्याकडे तोंड करून मारलेली हाक :

“रंभेऽऽ! भात टाकून ठेव गो! आलूच मी!”

इंजिन तेवढं धकधकत राहिलं. मग विनिता हुंदका देऊन रडली. रंभा रडल्याचं मला ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळाने तिचा आवाज आला, “परत लाव.”

भावनाने परत लावलं. आलूच मी. पुन्हा लावलं. आलूच मी. मग फाईल पुढे चालली. त्यात दादू लेकीला म्हणत होता, की सासरी मासळी निवडायला बसशील तेव्हा अंगठ्याला चिंधी बांध, पलीकडचे काटे वेगळे असतात. असलं काहीबाही. बाप बोलतो तसं.

दुसऱ्या दिवशी माझा स्क्रू सुटला. ज्या जागी मी बसायचो तिथे फळीवरचं नवीन कार्ड बसलं. नवी डिस्क आली. मला काउंटरवर ठेवलं, तिथून ट्रेमध्ये. ट्रेमधून मी सगळं ऐकतो. आता लग्न वर जायला भावनाचा चहासुद्धा पुरा होत नाही. काही कामं तर ती वरून थेट खालच्या डिस्कवरच करते, नेण्या-आणण्याची गरजच नाही. संध्याकाळी शटर ओढायच्या आधी सर विचारतात, “प्रत टाकली का?” आणि उत्तर येतं, “झाली सुद्धा.” दोघांपैकी कुणीही ‘उद्या’ म्हणत नाही. हे सगळं त्या खोक्यात होतं, सराईभर, कात्रीशेजारी.

मेलेली डिस्क सरांनी मुंबईला तज्ज्ञांकडे पाठवली. तिथून उत्तर आलं की आतली तबकडीच खरवडली गेलीय, काही निघणार नाही.

गणपतीनंतर रंभा एकटी आली, होडीची डीव्हीडी न्यायला. सरांनी तिला उभ्या उभ्याच खरं ते सांगितलं : हळद गेली, मावशी. आता नाही मिळायची.

तिने मान हलवली. डीव्हीडी पिशवीत ठेवली. जाईल असं वाटलं. पण ती स्टूल ओढून भावनासमोर बसली.

“हलदीला कॅमेरा कोनाच्या हातान व्हता?”

“माझ्याच, मावशी.”

“म्हंजे तू सगलं बघलंस.”

“हो.”

“मी नाय बघलं. मी नाचत व्हती ना. मना तेचं त्वांड दिसलंच नाय, लाजून खाली बघत व्हती मी. तू सांग. कसा नाचला?”

भावनाने हातातलं काम बाजूला ठेवलं. “आधी ते मांडवाच्या खांबाला टेकून होते,” ती म्हणाली. “तुम्ही ओढलंत. ते नाही नाही म्हणत होते. मग टोपी काढून त्यांनी खांद्यावर टाकली...”

“खांद्याव नाय. हातान धरली व्हती. मना लागत व्हती ती.”

“हो हो, हातात. बरोबर. मग वल्हं मारतात ना, तसे दोन्ही हात करून ते पुढे आले. आणि मागे गेले. पाय चुकत होते, पण...”

“पाय चुकाचेच तेचे.”

“...पण ते सारखं तुमच्याकडेच बघत होते, मावशी. बेंजोवाला गाणं बदलून मोकळा झाला तरी त्यांचं नाचणं जुन्याच गाण्यावर चाललं होतं. मला हसू आलं, कॅमेरा हलला. मग त्यांनी तुमच्या गालाची हळद बोटाने घेतली आणि स्वतःच्या मिशीला लावली.”

रंभाने मान वर केली. “मिशीला?”

“मिशीला. सगळे हसले. तुम्हाला कळलंच नाही का?”

“नाय गो,” ती म्हणाली, आणि गालावर हात ठेवून तशीच बसून राहिली. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. कमळाकर सर काउंटरवर काहीतरी शोधल्यासारखं करत होते. मग ती म्हणाली, “अजून सांग.”

भावना सांगत राहिली.

माझं बोलणं इथे संपतं. माझ्याबद्दल मनात काही धरू नका, मी होतो तेवढाच होतो. फक्त तुमच्या घरात, दुकानात, ऑफिसात माझ्यासारखं एखादं अरुंद फाटक अजून बसलेलं असेल, तर ते सवड बघून नका काढू. आज काढा. आम्हाला वाईट वाटत नाही. ओझं आमच्या पाठीवर असताना मागचा माणूस थांबतो, त्याचं वाईट वाटतं.

बाहेर भंगारवाल्याची घंटा वाजतेय. ट्रे उचलताना सांभाळून उचला म्हणावं, चार्जरांच्या वायरी फार गुंतल्यात. येतो मी.